आत्याची वही आणि इरकलीचा काठ

पावसाळ्यात कागदाच्या कामाला हात घालू नये, एवढे तरी पंधरा वर्षांच्या अनुभवाने मला कळायला हवे होते. पण आत्याचा पंचाहत्तरावा वाढदिवस श्रावणात येत होता आणि तिला विकतचे काही द्यायचे नाही, असे मी चैत्रातच सगळ्यांसमोर जाहीर करून बसले होते. चैत्र, वैशाख आणि ज्येष्ठ हे तीन महिने मी सामान गोळा करण्यात घालवले आणि प्रत्यक्ष वही करायला बसले ती आषाढात, पुण्यात आठवडाभर पावसाची झड लागलेली असताना.

वहीच का, तर आत्या रोज लिहिते. दुधाचा हिशेब, कोणाच्या लग्नात किती आहेर झाला, टीव्हीवर ऐकलेली पाककृती, वाचलेल्या पुस्तकातले एखादे वाक्य, असे सगळे एकाखाली एक. त्यासाठी तिच्याकडे औषधाच्या आणि किराणा मालाच्या दुकानांतून दिवाळीला मिळालेल्या डायऱ्या असतात, ज्यांची पाने शाई शोषून घेतात आणि मागच्या बाजूला अक्षरे उलटी उमटतात. तिला चांगल्या कागदावर लिहायला मिळावे, एवढीच मूळ कल्पना होती. बाकीचे सगळे माझ्या हौसेने वाढत गेले.

कागद मी पुण्याच्या हातकागद संस्थेतून आणला. शिवाजीनगरला शेतकी महाविद्यालयाच्या परिसराजवळ ही संस्था आहे, के. बी. जोशी यांनी ती 1940 साली सुरू केली आणि तिच्या दारावरून जाणाऱ्या रस्त्यालाही त्यांचेच नाव आहे. तिथला कागद झाडाच्या लाकडापासून होत नाही, तर कपड्यांच्या कारखान्यांतून येणाऱ्या सुती चिंध्यांपासून होतो. चिंध्या बारीक कापून पाण्याबरोबर यंत्रात काही तास कुटल्या, की त्यांचे धागे मोकळे होऊन दुधाच्या सायीसारखा लगदा तयार होतो. तो मोठ्या हौदात पातळ करायचा, त्यात जाळीची चौकट बुडवून वर उचलायची आणि पाणी निथळताना ती मागेपुढे आणि डावीउजवीकडे हलवायची, म्हणजे तंतू एकमेकांत गुंततात. मग तो ओला ताव कापडावर उलटा टाकायचा, थराची चळत दाबायंत्राखाली पिळायची आणि कागद सुकायला टाकायचा. शेवटी तो खळीत बुडवतात, कारण त्याशिवाय शाई फुटते. चौकटीच्या चारही कडांशी लगदा विरळ होत जातो, म्हणून हातकागदाची कड सरळ नसते, झालरीसारखी असते. ही कड कापून टाकणाऱ्या माणसाला मी मनातल्या मनात बरेच काही बोलते.

पुण्याला हा धंदा नवा नाही. कसबा पेठेत कागदीपुरा नावाची वस्ती आहे आणि जुन्नरचा कागद तर पेशवाईच्या दप्तरांत ठायी ठायी सापडतो. गोणपाट, दोर, ताग असल्या टाकाऊ मालापासून केलेला आणि गुळगुळीत दगडाने घोटलेला तो कागद बोरूने मोडी लिहिण्यासाठी होता. त्यावरची शाई अजून काळीभोर आहे. उलट माझ्या शाळेच्या वह्या चाळिशीतच पिवळ्या पडून कडांशी तुटू लागल्या आहेत, कारण स्वस्त कागदात लाकडातले लिग्निन तसेच राहते आणि ऊन-हवेने ते तपकिरी होत जाते. सुती कागदात ते नसतेच. म्हणजे आत्याचा दुधाचा हिशेब तिच्या पणतवंडांनाही वाचता यायला हरकत नाही.

मोठा ताव 22 गुणिले 30 इंचांचा असतो. एका तावाचे 8 तुकडे पाडून प्रत्येक तुकडा मधोमध दुमडला, की साडेपाच गुणिले साडेसात इंचांची, हातात मावणारी वही होते. मी 6 ताव घेतले, म्हणजे 48 तुकडे झाले. चार-चार तुकडे एकमेकांत घालून त्यांचे 12 फर्मे केले आणि मेण लावलेल्या सुती दोऱ्याने ते एकमेकांना शिवले. पृष्ठे 192. फर्मा शिवणे हे काम मला सर्वांत प्रिय आहे, कारण त्यात चूक झाली तर ती लगेच दिसते आणि उसवता येते. पुढच्या कामांचे तसे नसते.

कव्हरासाठी पुठ्ठा मी रविवार पेठेतून आणला होता, आणि घात केला तो त्यानेच. दोष पुठ्ठ्याचा नव्हता, माझा होता. मी त्याचा ग्रेन पाहिला नाही. यंत्रावर कागद किंवा पुठ्ठा तयार होतो तेव्हा ओला लगदा एकाच दिशेने वेगात पुढे सरकत असतो आणि त्यातले बहुतेक तंतू त्या दिशेला समांतर पडतात. तंतूंच्या या दिशेलाच ग्रेन म्हणतात. ओल लागली, की तंतू लांबीला फारसा वाढत नाही, जाडीला मात्र फुगतो. त्यामुळे यंत्राचा कागद भिजल्यावर ग्रेनच्या आडव्या दिशेला पसरतो आणि सुकल्यावर त्याच दिशेला आखडतो. पुस्तक बांधणारा कोणताही जुना माणूस पुठ्ठा हातात घेतल्याबरोबर दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघतो. ज्या बाजूला तो सहज वाकतो, त्या बाजूची घडी ग्रेनला समांतर असते, आणि ग्रेन नेहमी पुस्तकाच्या कण्याला समांतर हवा. हे मला माहीत होते. तरीही पुठ्ठा वाया जाऊ नये म्हणून मी तो ज्या दिशेने पुरत होता त्या दिशेने कापला.

सकाळी उठून पाहिले तर दोन्ही कव्हरे पापडासारखी वळली होती. बाहेरच्या बाजूला चिकटवलेला कागद ओला असताना ताणला गेला होता आणि सुकताना आखडून त्याने पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढले होते. वरवंटा, दोन शब्दकोश आणि डाळीचा डबा असे सगळे वजन ठेवून पाहिले. वजन काढले, की तासाभरात मूळपदावर. शेवटी नवीन पुठ्ठा आणला, या वेळी वाकवून पाहिला, आणि बाहेर कागद लावल्याबरोबर आतल्या बाजूलाही तितक्याच ओलीचा अस्तराचा कागद लावला. दोन्हीकडची ओढ सारखी झाली, की पुठ्ठा मुकाट्याने सरळ राहतो. एकाच वस्तूत कागद, कापड, दोरा आणि पुठ्ठा एकत्र आणायचे म्हटले, की खरे काम हे एवढेच असते: प्रत्येक जण ओला झाल्यावर किती वाढतो, सुकल्यावर किती ओढतो आणि त्याला उलट ओढणारे कोण आहे, हे बघणे. रंगसंगती वगैरे नंतर.

चिकटवायला मी खळ वापरते. बाजारातला पांढरा गोंद मी वर्ज्य मानत नाही, पुठ्ठ्यावर पुठ्ठा बसवायला त्याच्यासारखे काही नाही. पण तो एकदा सुकला, की पाण्याने सुटत नाही आणि पुढे कधी दुरुस्ती करायची झाली तर कागद फाडूनच काढावा लागतो. खळीचे तसे नसते. एक वाटी मैदा थोड्या थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालवायचा, मग आणखी चार-पाच वाट्या पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळत राहायचे, आणि तिचा पांढरेपणा जाऊन ती जराशी पारदर्शक दिसू लागली, की उतरवून गाळून घ्यायची. कसर आणि झुरळे लागू नयेत म्हणून जुने बाइंडर तिच्यात मोरचूद घालत असत, पण मोरचूद विषारी असल्यामुळे घरात हाताळल्या जाणाऱ्या वस्तूंसाठी मी ते वापरत नाही आणि लागेल तेवढी ताजी खळ करते. उरलेली फ्रिजमध्ये दोन दिवस टिकते. आमच्या घरी ती एकदा तांदळाची पेज समजून वाटीत वाढून घेतली गेली होती आणि मीठ कमी असल्याची तक्रारही आली होती.

आत्याच्या घरी खळीचा वापर श्रावणातही होतो. जिवतीचा कागद ती देवघराशेजारच्या भिंतीवर खळीनेच लावते. नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, अंगाखांद्यावर मुले खेळवणाऱ्या जरा-जिवंतिका, हत्तीवरचा बुध आणि वाघावरचा बृहस्पती, असा तो छापील कागद महिनाभर पुजला जातो, आणि श्रावण संपला की आत्या तो अख्खा काढते, भिंतीला डागही पडत नाही. लहानपणी मला ही जादू वाटत असे.

कव्हराच्या कण्यावर आणि पुढच्या बाजूला चार बोटे रुंदीचा इरकलीचा काठ लावायचा, हे मात्र मी पहिल्यापासून ठरवले होते. आजीची एक इरकल विरून गेली होती, पण तिचे काठ अजून धडधाकट होते. आईने ते कापून जपून ठेवले होते. इरकल हे मुळात मिश्र साधनांचेच काम आहे. अंग सुती, पदर रेशमी, आणि हे दोन्ही वेगळ्या ताण्यांवर, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांवर, विणून जोडायचे नाहीत, तर मागावरच सुती ताण्याचे फास रेशमी ताण्याच्या फासांत अडकवून पुढे विणायचे. याला कोंडी घालणे म्हणतात. बागलकोट जिल्ह्यातल्या इळकल गावची ही विद्या. सुताची आणि रेशमाची ओढ वेगळी असते, आणि तरीही धुवून, पिळून, वाळवून चाळीस वर्षे तो जोड सुटत नाही. पुठ्ठा वाया जाऊ नये म्हणून उलटा कापणाऱ्या माझ्यासारखीला त्या विणकराकडे शिकवणी लावायला हवी.

कापड थेट खळीने लावले, तर खळ विणीतून वर येते आणि सुकल्यावर पांढरट डाग पडतात. म्हणून आधी काठाच्या मागे पतंगाचा पातळ कागद लावून घ्यावा लागतो. काच पुसून तिच्यावर काठ उलटा पसरायचा, त्याचे उभे-आडवे धागे नखाने सरळ करायचे, पतंगी कागदाला अगदी हलका खळीचा हात द्यायचा आणि तो काठावर ठेवून मऊ ब्रशाने मधून कडेकडे दाबत जायचे. माझ्याकडे त्या दिवशी पांढरा पतंगी कागद संपला होता. गुलाबी होता. आतल्या बाजूला जाणार, कोणाला दिसणार आहे, असे म्हणून मी गुलाबी लावला.

कण्यावर खाली मांजरपाटाची पट्टी होती, कारण पुस्तकाचा भार जुन्या काठावर टाकणे धोक्याचे होते. शिवलेले फर्मे आणि दोन्ही पुठ्ठे यांना धरून ठेवण्याचे काम मांजरपाटाचे. काठ फक्त वरून.

आतल्या पहिल्या पानावर आजोबांनी आत्याला लिहिलेल्या पोस्टकार्डांचे तुकडे जोडून एक चित्र केले. मूळ कार्डे कापायची माझी हिंमत नव्हती आणि अधिकारही नव्हता, त्यामुळे त्यांच्या रंगीत छायाप्रती काढल्या. इथे एक सांगून ठेवते: घरच्या शाईच्या छपाईयंत्रावरच्या प्रती खळ लागताच फुटतात, अक्षरांभोवती निळे-जांभळे ढग जमतात, दुकानातल्या लेझर यंत्रावरच्या प्रतींची भुकटी कागदावर वितळून बसलेली असते, तिला काही होत नाही. त्या तुकड्यांच्या मध्ये आत्याच्या जुन्या बटव्यात सापडलेले कुर्डुवाडीचे रेल्वेचे तिकीट ठेवले. ते जुन्या पद्धतीचे, जाड पुठ्ठ्याचे आणि अंगठ्याएवढे. बार्शी लाइट रेल्वेची ती अडीच फूट अंतराच्या रुळांवरची गाडी 1897 साली धावू लागली आणि आत्या तिच्यातून कॉलेजला गेली. तिकीट चिकटवले नाही. चार कोपऱ्यांना कागदाच्या बारीक खोबण्या करून त्यात ते अडकवले, म्हणजे तिला वाटेल तेव्हा काढून बघता येईल.

वहीला डबा असावा, हा मोह मी आवरायला हवा होता. आमची आजी उन्हाळ्यात कागदाच्या लगद्याच्या टोपल्या करत असे. रद्दी आणि जुन्या वह्या चार-पाच दिवस पाण्यात भिजत घालायच्या, उखळात कुटायच्या, पाणी पिळून टाकायचे आणि त्यात मेथ्यांचे पीठ मिसळून मळायचे. मेथ्यांमुळे लगदा चिकटून येतो आणि कडवटपणामुळे त्याला कीड लागत नाही. मग पालथ्या घागरीवर ओले फडके टाकून त्यावर लगदा थापत जायचा, अंगठ्याने जाडी चाचपत राहायचे आणि कडक उन्हात वाळवायचे. कुरडया आणि पापड त्या टोपल्यांत राहत. त्यांना येणारा मेथ्यांचा मंद वास मला अजून आठवतो. मी त्याच कृतीने चौकोनी डबा केला, पण आजीकडे बार्शीचे वैशाखातले ऊन होते आणि माझ्याकडे पुण्यातला आषाढ. आठव्या दिवशी डब्याच्या तळाला हिरवट बुरशी धरली आणि मेथ्यांचा वास मंद राहिला नाही. तो डबा मी कुंडीत कुस्करला. वही जुन्या धोतराच्या कापडात गुंडाळून नेली.

वाढदिवसाला वही सगळ्यांच्या हातांतून फिरली. हाताने केलेली वस्तू दिली, की लोक दोन प्रश्न विचारतात. पहिला, "हे विकलंस तर कितीला जाईल?" दुसरा प्रश्न नसतोच, निवाडा असतो: "एवढं सुंदर आहे, वापरायचं कशाला? जपून ठेवायचं." मला पहिल्याचे काही वाटत नाही. दुसऱ्याने मात्र मी खचते. मी दिलेल्या किती तरी वह्या, कंदील आणि भेटकार्डांची पाकिटे आज नातेवाइकांच्या कपाटांत प्लॅस्टिकच्या पिशवीत डांबर गोळ्यांसोबत आहेत. गेल्या दिवाळीआधी आमच्या सोसायटीत मुलांना आकाशकंदील शिकवला, तेव्हा हे कोणी म्हणाले नाही. बांबूच्या कामट्या सुतळीने बांधताना सांगाडे वाकडे झाले, झिरमिळ्या एकीकडे लांब आणि एकीकडे आखूड लागल्या, एका मुलाने घोटीव कागदाला भोक पाडून तिथे चुलत भावाचे पासपोर्ट छायाचित्र डकवले, आणि संध्याकाळी सगळे कंदील ज्याच्या त्याच्या दारात पेटले. वाकडी वस्तू वापरायला लोकांना भीती वाटत नाही. तेव्हापासून माप आणि साचे मी मागेल त्याला देते, पण शिवताना एखादा टाका मुद्दाम चुकवावा का, या विचारापर्यंतही एकदा पोहोचले होते.

आत्यानेही त्या दिवशी वही धोतराच्या कापडात परत गुंडाळली आणि कपाटात ठेवली. मी काही बोलले नाही.

भाऊबीजेला बाबांबरोबर बार्शीला गेले, तेव्हा वही स्वयंपाकघराच्या खिडकीत होती, फोनच्या शेजारी. मला आनंद व्हायला अर्धा क्षण मिळाला असेल. मग दिसले, की तिच्यावर काठ नाही. नातसुनेला सातवा महिना लागला होता आणि खुंटीवर बाळासाठी शिवलेले नवे दुपटे होते. त्याच्या चारही कडांना इरकलीचा काठ होता, मधल्या जोडावर थोडा कमी पडला म्हणून लाल खणाचा तुकडा.

"काठ चांगला होता गं," आत्या म्हणाली. "पुठ्ठ्यावर नुसता बसून काय करणार होता? आईच्या लुगड्याचं काहीतरी बाळाच्या अंगावर पडायला हवं."

मी वही उचलून कणा पाहिला. मांजरपाट जागच्या जागी होता आणि पुठ्ठे पक्के होते. माझी नजर बघून तिने लगेच सांगितले, "वही काही सुटत नाही, खाली मांजरपाट आहे. ते बघूनच हात लावला."

"पण काढलास कसा? एक धागा तुटला नाही."

"जिवतीचा कागद कसा काढतात? ओलं फडकं ठेवलं तासभर. आपणहून सुटला. मागचा कागद तेवढा राहिला, त्याचा रंग लागला बघ."

कव्हराच्या पांढऱ्या हातकागदावर चार बोटे रुंद फिकट गुलाबी पट्टा उमटला होता आणि त्यात काठाच्या विणीचे बारीक उभे-आडवे ठसे दिसत होते. पट्ट्याच्या वरच्या टोकाला तिने जुन्या पाकिटाचा तुकडा लावून त्यावर "दूध, गॅस, इतर" असे लिहिले होते. आत तिसऱ्या पानापासून हिशेब सुरू होता. पहिल्या पानावरचे तिकीट जागेवर नव्हते. विचारल्यावर कळले, की शेजारच्या मुलाला दाखवायला दिले आहे आणि तो ते शाळेत घेऊन गेला आहे.